घालायचं नाही, गाळायचं नाही

आमच्या बाईंना कोणाला नाही म्हणताच येत नाही, असं मुलुंडमधली निम्मी माणसं तुम्हाला सांगतील. उरलेली निम्मी सांगतील की असली फटकळ बाई आम्ही जन्मात बघितली नाही. मी दोन्ही निम्म्यांना ओळखते आणि दोघांचंही खरं आहे. शेजारच्या काकूंच्या सासूबाईंसाठी बाईंनी इस्पितळाच्या रांगेत सहा तास काढले होते. त्याच काकूंनी दुसऱ्या दिवशी विचारलं, "बाई, साडी कशी वाटते?" तर म्हणाल्या, "रंग चांगला आहे. तुम्हाला चांगला नाही."

बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. विलेपार्ल्याच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. माहेर नगरकडचं, तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कोणी विचारलं की म्हणायच्या, "ज्यांनी विचारलं ते आवडले नाहीत, जे आवडले त्यांनी विचारलं नाही. आता तुझा चहा संपव." मुलुंड पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत आणि एका स्वयंपाकघरात एकट्या राहायच्या. मनगटावर वडिलांचं मोठं घड्याळ, खांद्याला शबनम, शबनममध्ये सुंठीच्या पाण्याचा थर्मास. उन्हाळ्यातसुद्धा.

आमच्या मराठी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, मात्र त्यांचं नाव होतं 'माइकवाल्या बाई'. आमची मंडळी लहान, दोनशे माणसांची. उपासना दर रविवारी एका शाळेच्या हॉलमध्ये व्हायची. बाहेरून पाहुणे प्रवचनकार यायचे, ते इंग्रजीत बोलायचे, आणि बाई बाजूला उभ्या राहून एकेक वाक्य मराठीत सांगायच्या. बावीस वर्षं हे काम त्यांनी केलं. पाहुणे कितीही मोठे असोत, आमच्या लोकांच्या कानात देवाचा शब्द पडायचा तो बाईंच्या आवाजात.

त्यांची उभं राहायची जागा ठरलेली. पाहुण्यांच्या डाव्या हाताला, एक पाऊल मागे. पाहुण्यांकडे बघायच्या नाहीत. कितीतरी पाहुण्यांना ते अपमानास्पद वाटायचं. बाई बघायच्या शेवटच्या बाकावर, तिथे स्टेशनबाहेर भाजी विकणारी एक आजी बसायची. आजीची मान हलली की वाक्य पोचलं. नाही हलली की बाई तेच वाक्य पुन्हा सोप्या शब्दांत सांगायच्या, आणि पाहुणे तोंड उघडं ठेवून थांबून राहायचे. एकदा एक गृहस्थ वैतागून म्हणाले, तुम्ही माझ्या एका वाक्याची तीन वाक्यं का करता? बाई म्हणाल्या, "पहिली दोन तुमची होती. तिसरं आजींना कळलं."

विनोदाचं मात्र कठीण होतं. पाहुण्यांचे विनोद बहुतेक त्यांच्या गावचे असायचे, इथे कोणाला लागू पडायचे नाहीत. दुसरा कोणी असता तर लोकांना म्हणाला असता, पाहुण्यांनी विनोद केलाय, हसा बुवा. बाईंना ते चालायचं नाही. त्या म्हणायच्या, "पाहुण्यांनी विनोद केला आहे. तो बर्फावरच्या एका खेळाचा आहे. चहाच्या वेळी समजावून सांगते." आणि खरंच, चहाच्या वेळी सात-आठ जण कप घेऊन त्यांच्याभोवती उभे राहायचे, बाई तो खेळ टेबलावर बिस्किटं मांडून समजावून सांगायच्या, आणि पाऊण तासानं लोक हसायचे. पाहुणे तोवर ठाण्याच्या पुढे गेलेले असायचे.

"घालायचं नाही, गाळायचं नाही." हा त्यांचा एकच नियम. मी त्यांच्या हाताखाली भाषांतर शिकले, दर शनिवारी दुपारी, त्यांच्या घरी, म्हणून हा नियम मी किती वेळा ऐकला ते विचारू नका. शिकवायला त्यांनी प्रवचन घेतलंच नाही कधी. पहिले सहा महिने मला प्रेशर कुकरचं माहितीपत्रक दिलं. "वाफ जाईपर्यंत झाकण उघडू नये, हे सांगताना तू तुझी हुशारी दाखवशील का? मग देवाचं सांगतानाही दाखवू नकोस," म्हणायच्या. मी एकदा 'वाफ' ऐवजी काहीतरी छान शब्द वापरला तर म्हणाल्या, "हात भाजला कोणाचा म्हणजे तुझी कविता वाचून दाखव त्याला."

माझी तेव्हा साकीनाक्याला कॉल सेंटरमध्ये नोकरी. वय चोवीस, इंग्रजी फाडफाड, डोकं गरम. ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी आम्हाला शिकवलं होतं की कस्टमरला 'नो' ऐकवायचं नाही. काहीही मागू दे, आधी 'शुअर सर' म्हणायचं, मग काय तो गोलमाल करायचा. मी त्यात इतकी झकास झाले की भिंतीवर माझा फोटो लागला. बाईंना मी कौतुकानं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "दिवसभर हो हो म्हणून घसा दुखत नाही का गं?" आणि थर्मासमधलं सुंठीचं पाणी ओतून दिलं.

तर अशा या बाई. तुम्हाला वाटेल, झालं, खरं बोलण्याचं वेड लागलेली एक म्हातारी. तसं असतं तर मी लिहायला बसले नसते. नुसतं खरं बोलणारी माणसं पुष्कळ असतात, आणि त्यांच्या घरी कोणी जात नाही. बाईंच्या घराची कडी दिवसभर वाजायची. लोकांचं मन राखायला त्यांना मनापासून आवडायचं, हेच तर त्यांचं दुखणं होतं. नाताळात त्या मंडळीतल्या एकूण एक घरी जायच्या, प्रत्येक घरची करंजी खायच्या. पोट बिघडायचं, तरी जायच्या. कोणाचा फॉर्म भर, कोणाच्या पोराला इंग्रजीची परीक्षा पास करव, कोणाच्या नवऱ्याची समजूत काढ. मी म्हटलं, बाई, लोक फायदा घेतात तुमचा. तर म्हणाल्या, "घेऊ देत ना. देवाचा घेत नाहीत तोवर चालेल." आणि मग जे म्हणाल्या ते मी विसरणार नाही. "पाहुणा आला की खुर्ची द्यावी, आपली असेल ती द्यावी. पण देवाला उठवून ती खुर्ची देऊ नये."

शेजारच्या काकू मालवणच्या. त्यांच्याकडे पाच दिवसांचा गणपती. बाई आदल्या दिवसापासून त्यांच्या स्वयंपाकघरात. नारळ खवायचे तर बाईंनी, उकड मळायची तर बाईंनी. आमच्या मंडळीतल्या काही जणांना ते खुपायचं. एक जण म्हणायचे, गणपतीच्या घरात पाऊल कशाला टाकायचं? दुसरे म्हणायचे, गेलात तर आरती करा, प्रसाद खा, काय फरक पडतो, सगळे तेच करतात. बाई दोघांचं ऐकायच्या आणि करायच्या आपलंच. आरती सुरू झाली की काकूंच्या नातवाला कडेवर घेऊन जिन्यावर येऊन उभ्या राहायच्या. आरती संपली की परत आत, पंगत वाढायला. त्यांना मोदक जीव की प्राण, पण दाखवलेल्या नैवेद्यातला घ्यायच्या नाहीत. काकूंनी त्यावर कधी वाद घातला नाही. पहिल्या वर्षीच त्यांनी पहिल्या घाण्यातले पाच मोदक बाजूला काढून डब्यात भरले आणि बाईंच्या हातात दिले. "बाईनू, हे तुमचे. निवेद दाखवच्या आधी काढून ठेवलंय."

काकूंच्या जाऊबाईंना राग आला. देवाच्या आधी मोदक बाहेर जातो म्हणजे काय! काकू त्यांना म्हणाल्या, "तेंचो देव तेंका, आपलो देव आपल्याक. मोदक सगळ्यांक." पुढे ती पद्धतच पडली. काकूंची सून आली तिलाही सासूनं पहिल्या दिवशी सांगितलं, पहिला घाणा बाईंचा. मला विचाराल तर एकमेकींना मान कसा द्यावा, हे मी त्या जिन्यात शिकले.

याच काकूंशी बाईंचं आठ दिवस बोलणं बंद होतं, तीही गंमत सांगते. काकूंना त्यांच्या नणंदेचा फोन टाळायचा होता. नणंद काकूंच्या मुलाच्या लग्नाची बोलणी लावून मागे लागलेली. काकूंचा फोन बाईंकडे चार्जिंगला, काकू बाईंकडे बसलेल्या, आणि फोन वाजला. काकू हात हलवून सांगतायत, मी नाही म्हणून सांगा, मी नाही. बाईंनी काय करावं? काकूंना दंडाला धरून उठवलं, दाराबाहेर जिन्यावर नेऊन उभं केलं, दार ओढून घेतलं, आणि मग फोन उचलून म्हणाल्या, "त्या घरात नाहीत हो." काकू बाहेर हसून हसून लोटपोट.

पण बाई जेवल्या नाहीत त्या दुपारी. मी गेले तेव्हा शनिवारचा धडा बाजूला, बाई तोंड पाडून बसलेल्या. म्हणाल्या, "शब्द खरे होते गं. पण मी खोटंच बोलले." आणि माझ्यासमोर त्यांनी नणंदेला फोन लावला. "मघाशी तुमच्या वहिनी दाराबाहेरच उभ्या होत्या. मीच त्यांना बाहेर काढलं होतं. त्यांना तुमच्याशी बोलायचं नव्हतं. का, ते त्यांना विचारा." वाट लागली! त्या घरात जे महाभारत झालं ते चारही मजल्यांनी ऐकलं. काकू आठ दिवस बाईंच्या दारावरून मान वळवून जायच्या. नवव्या दिवशी बांगड्याचं तिखलं घेऊन आल्या. म्हणाल्या, "तुमच्यासमोर मी परत फोन चार्ज करूचय नाय."

मला त्यांचा अभिमान वाटतो, आणि तो मी लपवत नाही. मंडळीतली काही कुटुंबं आजही बाईंचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात. त्यांच्या हट्टापायी आपल्याला स्वतःचा हॉल मिळाला नाही, असं त्यांचं म्हणणं. तेही खोटं नाही. आज आमची उपासना भांडुपच्या एका गाळ्यात पत्र्याखाली होते, उन्हाळ्यात माणसं भाजून निघतात. एका प्रसंगानंतर कमिटीनं बाईंच्या हातातला माइक काढून घेतला आणि तो मला दिला. मी घ्यायला तयार नव्हते. बाईच म्हणाल्या, "घे. माइक रिकामा ठेवू नये." आणि पुढे चार वर्षं, नाशिकला भाचीकडे जाईपर्यंत, दर रविवारी पहिल्या बाकावर बसून त्यांनी माझं भाषांतर ऐकलं. मी एकदा विचारलं, वाईट वाटतं का? मला वाटलं, नाही म्हणतील. माणसं तसंच म्हणतात. बाई म्हणाल्या, "खूप. मला माइक फार आवडायचा गं." एवढं म्हणून त्यांनी चष्मा पुसला.

आता तो प्रसंग सांगते. त्यात माझा मोठेपणा काही नाही.

आधी माझ्या आईचं सांगायला हवं. आईला तरुणपणापासून फिट येतात. सकाळी एक आणि संध्याकाळी सातला एक अशी गोळी घेतली की काही त्रास नाही, चुकली की संपलं. आमच्या मंडळीतल्या एकीनं तिला एकदा सांगितलं की गोळी घेतेस म्हणजे तुझा भरवसा डॉक्टरवर, देवावर नाही. आईनं कोणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. अकराव्या दिवशी ती गॅसपाशी कोसळली, उकळत्या आमटीचं पातेलं हातावर आलं. कोपरापासून मनगटापर्यंत सगळी कातडी गेली. मी ऑफिसात होते, शेजाऱ्यांनी बाईंना बोलावलं, बाईंनी तिला इस्पितळात नेलं.

बाईंचा प्रार्थनेवर विश्वास नव्हता, असं मात्र कोणी समजू नये. ती जखम भरेपर्यंत त्या रोज संध्याकाळी यायच्या, आईच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायच्या, आणि 'आमेन' म्हटल्याबरोबर घड्याळात बघून विचारायच्या, "सातची घेतली?"

आई त्यानंतर गोळ्या घ्यायला लागली, पण लपून. मंडळीत कोणाला दिसू नये म्हणून सभा असली की सात वाजता शाळेच्या बाथरूममध्ये जायची, नळ सोडायची, ओंजळीनं पाणी घेऊन गोळी गिळायची. लोकांना वाईट वाटायला नको, कोणी काही बोलायला नको. मला राग यायचा. मी म्हणायचे, आई, तू काय चोरी करतेस का? ती म्हणायची, "जाऊ दे ना. कशाला कोणाचं मन दुखवायचं."

त्या वर्षी शाळेनं कळवलं की इमारत पाडणार, हॉल सोडा. दोनशे माणसं जाणार कुठे? आमचे पाळकसाहेब, म्हणजे पास्टर, तेव्हा आजारी होते, सगळा भार सेक्रेटरीभाऊंवर. माणूस वाईट नाही, उलट मंडळीसाठी जीव टाकणारा. त्यांनी खटपट करून एका मोठ्या संस्थेच्या पाहुण्यांना तीन दिवसांच्या सभांसाठी बोलावलं. पाहुणे खूश झाले तर संस्था आम्हाला जागेसाठी मदत करणार, असं जवळजवळ ठरलं होतं. सेक्रेटरीभाऊ बाईंना हात जोडून म्हणाले, "बाई, ते जे बोलतील ते जसंच्या तसं सांगा. एवढं सांभाळून घ्या." बाई म्हणाल्या, "बावीस वर्षं दुसरं काय केलं?"

पहिले दोन दिवस मस्त गेले. पाहुण्यांचा आवाज भारदस्त, बाईही रंगात. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉल गच्च भरलेला, बाहेर मंडप. मी पुढे बाजूच्या खुर्चीवर बसले होते. बाईंचा घसा बसला तर राखीव म्हणून. आई चौथ्या बाकावर.

पाहुणे आजार बरे होण्यावर बोलत होते. देव बरं करतो, बाईंनी सांगितलं. देवाला काही अशक्य नाही, बाईंनी सांगितलं, आणि असं सांगितलं की माझ्या अंगावर काटा आला. मग पाहुणे दोन पावलं पुढे आले आणि म्हणाले, ज्यांचा खरा विश्वास आहे त्यांनी आपल्या पिशवीतली औषधं आणून या स्टेजवर टाकावीत, आजपासून तुम्हाला त्यांची गरज नाही.

बाई बोलल्या नाहीत.

पाहुण्यांना वाटलं, ऐकू गेलं नाही. त्यांनी वाक्य पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. बाई उभ्या. खालून सेक्रेटरीभाऊ कुजबुजले, "बाई, माइक खराब झालाय म्हणा, मी सांभाळतो." बाईंनी माइक तोंडाशी नेला. "माइक चांगला आहे," त्या म्हणाल्या, आणि ते दोनशे माणसांना ऐकू गेलं. मग त्याच आवाजात म्हणाल्या, "पाहुण्यांनी आत्ता एक वाक्य म्हटलं, ते मी सांगणार नाही. देवाच्या नावानं ते माझ्या तोंडून जाणार नाही. पुढचं वाक्य असेल तर सांगते." आणि पाहुण्यांकडे वळून हेच इंग्रजीत सांगितलं, अदबीनं, 'सर' म्हणून.

पाहुण्यांचा चेहरा लाल झाला. सेक्रेटरीभाऊंच्या कपाळावर घाम. त्यांनी बाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मला हातानं वर जा म्हणून सांगितलं.

मी गेले.

मला कोणी ढकललं नाही. माझ्या डोक्यात काय काय होतं ते प्रामाणिकपणे सांगते. हॉल जाईल, हे होतं. गाळायचं नाही, हा नियम होता, आणि बाईच तो मोडतायत असं वाटत होतं. आणि सगळ्यात वर हे होतं की शेवटी माइक माझ्या हातात येतोय. बाईंनी तो मला दिला, ओढून घ्यावा लागला नाही. त्या स्टेजवरून उतरल्या आणि पहिल्या रिकाम्या खुर्चीवर मांडीवर हात ठेवून बसल्या.

मी आईकडे बघितलं नाही. पाहुण्यांनी ते वाक्य तिसऱ्यांदा म्हटलं, आणि मी ते मराठीत सांगितलं. शब्द न् शब्द. "ज्यांचा खरा विश्वास आहे, त्यांनी आपली औषधं आणून इथे टाकावीत. आजपासून तुम्हाला त्यांची गरज नाही." एकही अडखळ नाही. कॉल सेंटरमध्ये ऐकलं असतं तर अजून एक फोटो लावला असता भिंतीवर.

कोणी हललं नाही. सगळे बाईंकडे बघत होते आणि बाई समोर बघत होत्या. शेवटच्या बाकावर भाजीवाल्या आजीची मान तशीच ताठ.

मग चौथ्या बाकावरून आई उठली. हातात पर्स घट्ट धरलेली. आता कुठे मला कळलं की मी काय बोलून बसले आणि कोणाला. मला ओरडायचं होतं, आई, बस खाली. मी नुसता माइक खाली घेतला. पाहुण्यांनी दोन्ही हात पसरले, 'कम, मदर' म्हणाले. आई स्टेजपाशी आली. स्टेजच्या कडेला पिण्याच्या पाण्याचं पिंप होतं, तिथे ती थांबली. पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी फोडली, ग्लासात पाणी घेतलं, आणि दोनशे माणसांसमोर सरळ उभी राहून ती गोळी घेतली. ग्लास विसळून उपडा ठेवला. मग आपल्या जागेवर जाऊन बसली.

सात वाजले होते.

मागून कोणीतरी विचारलं, "ताई, पिंपात पाणी आहे ना अजून?" आणि आणखी दोघी पर्स उघडत उठल्या. सभा तिथेच संपली म्हणायची. पाहुण्यांनी शेवटची प्रार्थना केली, ती माझ्याकडून सांगून झाली नाही, कोणी विचारलंही नाही.

आम्ही तिघी एकाच रिक्षानं निघालो. आई मधे. रिक्षा पूल ओलांडून गेली. मग माझ्याच्यानं राहवेना. मी म्हटलं, "बाई, तुम्हीच शिकवलंत ना, गाळायचं नाही. मग तुम्ही गाळलंत कसं?"

मला वाटलं, रागावतील. बाई नेहमीसारख्याच शांतपणे म्हणाल्या, "मी गाळलं नाही. गाळणारा न सांगता पुढे जातो. मी सांगून थांबले." मग म्हणाल्या, "देव बरं करतो, हे मी हजारदा सांगेन. गोळ्या टाका, असं देवानं मला सांगितलेलं नाही. मग त्याचं नाव घालून कसं सांगू? नसलेलं घालायचं नाही, हेही शिकवलं होतं ना तुला?"

मी रडायला लागले. रिक्षावाला आरशातून बघत होता. आईनं पदरानं माझं तोंड पुसलं, लहान असताना पुसायची तसंच, जरा जोरात. तिचा भाजलेला हात माझ्या गालाला लागत होता.

मी विचारलं, "आई, तुला भीती नाही वाटली? सगळ्यांसमोर?"

"वाटली ना," आई म्हणाली. "पण म्हटलं, बाई एवढ्या लोकांसमोर उभ्या राहून नाही म्हणतात, मला घोटभर पाणी प्यायला काय झालंय?"

बाई दुसऱ्या बाजूला रस्त्याकडे बघत होत्या. त्यांचा माइक गेला होता, आमचा हॉल गेला होता, आणि त्यांना ते दोन्ही ठाऊक होतं.

मी आईचा हात धरला. म्हटलं, "मी जे बोलले ते तुला ऐकू गेलं होतं?"

"गेलं ना. तुझा आवाज छान लागला होता," आई म्हणाली. "पण मी बाईंचं ऐकलं."

मी बोलत होते तेव्हा बाई तर खुर्चीवर गप्प बसल्या होत्या.